एकशे नववं पान

पंचांची शिट्टी वाजली तेव्हा माझा हात अजून तसाच पुढे होता, शमीमच्या पाठीला लावलेला. पाठ मात्र तिथं नव्हती. शमीम उठून, सूर मारून, पुसेगावच्या मुलीला बाद करून मातीत पालथी पडली होती आणि आमच्या मुली ओरडत मैदानात शिरल्या होत्या. चष्मेवाले पंच माझ्याजवळ आले आणि अगदी सभ्यपणे म्हणाले,

"खो ऐकू आला नाही."

मी दिला होता. ओठ हलले होते, श्वास बाहेर पडला होता. पण खो-खोत तेवढ्यानं भागत नाही. बसलेल्या मुलीच्या पाठीला हात लावायचा आणि त्याच क्षणी खणखणीत 'खो' म्हणायचं, तरच तिनं उठून पाठलाग पुढे न्यायचा. नुसता हात लागला तर ती चूक. बाद झालेली मुलगी पुन्हा खेळात आली, उरलेली पंधरा सेकंदं निघून गेली आणि जिल्ह्याचा अंतिम सामना आम्ही एका गुणानं हरलो. ते अठ्ठ्याहत्तर साल. मी आठवीत होते.

परतीच्या एस.टी.त कुणी माझ्याशी बोलेना. शमीम मुल्ला आमची कप्तान, माझ्याहून एक वर्ष पुढं, आवाज असा की तिनं शाळेच्या पटांगणात हाक मारली तर बाजारपेठेतली माणसं वळून बघत. ती कोपरावरची माती झाडत माझ्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "यमे, तू खो दिलास का कानात मंत्र सांगितलास?"

सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि मग खिडकीकडं तोंड करून रडले. तेव्हापासून संघात माझं नाव 'कानमंत्र' पडलं.

आमच्या घरात आवाज चढवायची पद्धतच नव्हती. आम्ही महादेवाचे गुरव. कृष्णाकाठी गावाबाहेर देऊळ आणि देवळाला लागून घर. गाभाऱ्यात मोठ्यानं बोलायचं नाही, आणि आमचं निम्मं आयुष्य गाभाऱ्यातच जायचं. आई भाजीवालीलासुद्धा खुणेनं बोलवायची. मी खो-खोच्या संघात गेले हे कळल्यावर ती पहिल्यांदा एवढंच म्हणाली की कुणाच्या कामात खो घालू नये. शमीमनं तिला समजावलं होतं, "काकू, हा घालायचा नसतो, द्यायचा असतो."

मग अशा मुलीला संघात घेतलं कशाला, तर पायांसाठी. नदीच्या पायऱ्यांवरून रोज सकाळी पाण्याच्या कळशा आणून माझे पाय असे झाले होते की पळायला लागले की हाती लागायची नाही. आमच्या दाभाडे बाई खेळ शिकवायच्या, कमरेला पदर खोचून आमच्याबरोबर पळायच्या. त्या म्हणत, ही पोरगी पळत नाही, सांडलेल्या पाण्यासारखी निसटते. पण खो-खोत नऊच्या नऊ जणींना पळावंही लागतं आणि बसावंही लागतं. पळायचं तेवढं यमुनेनं आणि खो द्यायचा दुसरीनं, असं चालत नाही.

त्या वर्षभर बाईंनी माझ्या आवाजावर मेहनत घेतली. संध्याकाळी मला नदीच्या अलीकडं उभं करायचं आणि शमीमला पलीकडं. मी 'खो' म्हणायचं, ऐकू गेला तर तिनं हात वर करायचा. पावसाळा संपला, हिवाळा गेला, नदीचं पाणी आटून पात्र अर्धं झालं, शमीमचा हात काही वर झाला नाही. एकदा झाला. बाईंनी टाळ्या वाजवल्या. मी मान खाली घातली, कारण मी अजून म्हणालेच नव्हते.

पुढच्या वर्षीचा श्रावण आला. आमच्याकडं श्रावणी सोमवारी देवाला एकशे आठ बेलाची पानं वाहतात. बेल खुडायचा, तीन दळं शाबूत असलेली पानं निवडायची, मोजून टोपलीत ठेवायची, आणि संध्याकाळी दिवा लागला की आण्णांनी, म्हणजे वडलांनी, एकेक नाव घेऊन ती पिंडीवर वाहायची. आजवर हे काम आई करायची. त्या वर्षी मी मागून घेतलं, आणि वर आणखी एक नेम धरला. सोमवारी सकाळी पहिलं पान खुडल्यापासून संध्याकाळी शेवटचं पान वाहून होईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही.

आई हरखली. कशासाठी, असं आमच्या घरात कुणी कुणाच्या नेमाला विचारत नाही. बाई मात्र जरा चिडल्या. सोमवारच्या सरावाला मी मुकी असायची, म्हणून त्या मला नुसती पळवत.

दोन सोमवार असे गेले. स्पर्धा आल्या. साताऱ्याला शनिवारी आम्ही दोन सामने जिंकलो, रविवारी सकाळी उपांत्य सामनाही जिंकला. मी प्रत्येक सामन्यात दोन-चार खो दिले, पंचांनी कान पुढं करून ऐकले, कसंबसं निभावलं. दुपारी अंतिम सामना होता, समोर पुन्हा पुसेगावच. जिंकलो तर विभागासाठी कोल्हापूरला जायचं होतं. आमच्यातल्या कुणीच तोवर घराबाहेर रात्र काढली नव्हती. कोल्हापूरच्या गोष्टी करून करून मुलींनी निम्मा सामना तोंडानंच जिंकला होता. आणि दीड वाजता असा पाऊस कोसळला की मैदानाचं तळं झालं. पंचांनी जाहीर केलं, सामना उद्या चार वाजता.

उद्या म्हणजे सोमवार. बसमध्ये सगळ्या गाणी म्हणत होत्या, आणि मी बोटांवर पुन्हा पुन्हा वार मोजत होते, जसा काही मोजून तो बदलणार होता.

"शमीम, उद्या सोमवार," मी म्हणाले.

तिला पहिल्यांदा ऐकूच गेलं नाही. दुसऱ्यांदा गेलं. पुढच्या बाकावरून बाईंनीही मागं वळून बघितलं. त्या मला रागावल्या नाहीत, समजावून सांगू लागल्या. एक दिवस पुढं-मागं झाल्यानं काही होत नाही, मंगळवारी धर मौन, देव काय पंचांग घेऊन बसलेला नाही. मी मान हलवत राहिले. नेमाचं तसं नसतं, एवढंच म्हणाले. उद्या मला बाहेर बसवा, असंही म्हणाले. बाई म्हणाल्या, तुला बाहेर बसवून पळणार कोण? आणि आत घेतलं तर मुक्यानं खो देणार कसा?

शमीम इतका वेळ गप्प होती. शमीम गप्प असणं म्हणजे एस.टी. घाट चढताना इंजिन बंद पडण्यासारखंच.

"बाई, उद्या माझाही रोजा आहे," ती म्हणाली. "काल होता, आज होता. मला म्हणालात का कधी, सामन्यापुरतं पाणी पी म्हणून?"

त्या वर्षी श्रावण आणि रमजान हातात हात घालून आले होते. दोन दिवस शमीम पाण्याच्या थेंबाशिवाय खेळत होती आणि आम्ही ते विसरूनही गेलो होतो, इतकी ती बडबडत होती. बाईंनी मान खाली घातली. मग शमीमनंच तोड काढली. यमीला आठव्या चौकोनात बसवू, अगदी खांबाजवळ. पाठलाग करताना तिला कुणी खो द्यायचा नाही, म्हणजे तिला पुढं द्यावा लागणार नाही. आठ जणींत भागवू. पळायला काही बोलावं लागत नाही.

उतरताना तिनं मला बाजूला घेतलं. "कशासाठी आहे गं हे?"

"सांगायचं नसतं."

"मग राहू दे," ती म्हणाली.

सोमवारी पहाटे मी बेल खुडला, एकशे आठ पानं मोजून टोपली गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी ठेवली, वर ओलं फडकं टाकलं आणि तोंड मिटून साताऱ्याला गेले. माझा उपास, शमीमचा रोजा. बाकीच्या मुली आमच्या पुढ्यात शेंगदाण्याचे लाडू खायला लाजत होत्या. शमीमनं त्यांना दम भरला की खा मुकाट्यानं, तुमच्या पोटाच्या जोरावर आम्ही दोघी पळणार आहोत.

मैदानावर भुसा आणि वाळू टाकली होती. पंच तेच, चष्मेवाले. मला बघून ओळखीचं हसले. मी हात जोडले.

खेळाचा जोर कसा सांगू. एका डावात सात मिनिटं पाठलाग, सात मिनिटं पळणं, असे दोन डाव. पहिल्या पाठलागात आम्ही सात गडी बाद केले, त्यांनी आमचे आठ. मी पळाले ती चार मिनिटं पुसेगावच्या मुली नुसत्या खो देत राहिल्या आणि मी बसलेल्या मुलींच्या मधून इकडून तिकडं सुईतल्या दोऱ्यासारखी जात राहिले. पाय वाळूत रुतत होते, उपाशी पोटात गार वाटत होतं, आणि मला इतका आनंद होत होता की ओरडावंसं वाटत होतं. ओठ दाताखाली धरून पळत होते.

दुसऱ्या डावात त्यांनी चार बाद केले. म्हणजे शेवटच्या सात मिनिटांत आम्हाला पाच मिळाले तर बरोबरी, सहा मिळाले तर कोल्हापूर. बरोबरी झाली तर जादा डाव. शमीमकडं बघितलं आणि मला कळलं की हिच्यात जादा डाव उरलेला नाही. तिचे ओठ पांढरे झाले होते, जीभ फिरवून ओले करायलाही तोंडात ओल नव्हती.

एक बाद, दोन, तीन. शमीमचा खो एरवी ढोलावरच्या टिपरीसारखा यायचा, आता वाळक्या पाचोळ्यावर पाय पडावा तसा येत होता. चार. पाच. बाहेर बाई उभ्या राहिल्या होत्या, शिट्टी तोंडात घालून वाजवायचं विसरलेल्या. दीड मिनिट उरलं आणि आत उज्ज्वला एकटीच राहिली.

उज्ज्वला म्हणजे पुसेगावचा हुकमी गडी. उंच, लाल रिबिनी, पळताना मान तिरकी करून बघायची. ती नुसती पायांनी खेळणारी नव्हती. दोन डाव बघून तिच्या लक्षात आलं होतं की आठव्या चौकोनातली मुलगी कधी उठतच नाही. ती सरळ माझ्या पुढ्यात येऊन उभी राहिली. आमची मुलगी आली की एक पाऊल सरकायची, गेली की परत माझ्यासमोर. हात लांबवला तर तिची वेणी हाताला लागली असती. पण बसलेल्या मुलीनं खो मिळाल्याशिवाय उठायचं नसतं. एकदा तर ती माझ्याकडं बघून हसली. वाईट हसली नाही. देवळाच्या पायरीवर सावलीला बसल्यासारखी हसली.

अर्धं मिनिट उरलं. पाठलागावर शमीम होती. ती माझ्या मागं आली तेव्हा मला तिचा श्वास ऐकू आला. पाठीवर हात पडला.

"खो." आणि त्याच्या मागोमाग, माझ्या कानाशी, मंत्र सांगावा तसं, "बोलू नको. नुसती पकड."

मी उठले. शमीम माझ्या जागी बसली. उज्ज्वलाचं हसू गेलं. तिला वाटलं नव्हतं मला पाय असतील. तिनं खांबाला वळसा घातला, मीही घातला. पलीकडच्या अंगाला आलो. ती माझ्यापुढं दोन हात, मग एक हात, मग वीतभर. मी हात टाकला. बोटाला रिबीन लागली, अंग लागलं नाही. त्याच झपाट्यात ती आत वळली आणि शमीमला चाटून, बसलेल्या मुलींच्या मधून, पलीकडं निसटली.

पाठलाग करणारीला मधली पाटी, म्हणजे मुली बसतात ती ओळ, ओलांडता येत नाही. मी अलीकडं, ती पलीकडं, आणि मध्ये शमीमची पाठ. घामानं भिजलेली, निळ्या बनियनवर मातीचा पंजा उमटलेली. तो आधी कुणीतरी दिलेल्या खोचा पंजा होता. गेल्या वर्षीसारखंच सगळं, तीच पाठ, तोच हात, पलीकडं तीच पुसेगावची धावणारी पावलं, आणि शेजारी चष्मेवाले पंच, कान पुढं करून उभे. कुणीतरी बाहेरून सेकंदं मोजत होतं. सहा म्हणालं, पाच म्हणालं.

मी हात लावला.

"खो!"

तो आवाज कुठून आला मला आजही सांगता यायचं नाही. मैदानाच्या कडेच्या लिंबावरचे कावळे उठले. पंचांनी एक पाऊल मागं घेतलं. उज्ज्वला पळता पळता थबकली, मागं वळून बघायला, एवढीच, डोळ्याचं पातं लवेल एवढी. तेवढं शमीमला पुरलं. ती वाळूवरून अशी गेली की तिचा हात आधी पोचला आणि ती मागाहून.

शिट्टी वाजली. पंचांनी हात वर केला. "बाद!"

मग काय झालं ते मी नीट बघितलेलं नाही. कुणी माझ्या गळ्यात पडलं, कुणी वेणी ओढली, बाई रडत होत्या आणि रडता रडता शिट्टी वाजवत होत्या. सगळ्या मला विचारत होत्या, यमे, काय गं हा आवाज, कुठं ठेवला होतास. मी तोंड मिटून घेतलं होतं. शब्द एक गेला तो गेला, दुसरा जाऊ द्यायचा नव्हता. शमीम वाळूत बसून कान चोळत होती. घोगऱ्या आवाजात म्हणाली, "वर्षभर मंत्र दिला आणि आज कानाचा पडदाच नेला."

एस.टी.नं आम्हाला गावात सोडलं तेव्हा दिवस मावळत होता. शमीम माझ्याबरोबर देवळापर्यंत आली, आमच्याच पायरीवर बसली. नदीपलीकडून मशिदीतली बांग ऐकू आली. तिनं परकराच्या खिशातून कागदात गुंडाळलेला खजूर काढला, माझ्या आईनं तिला तांब्याभर पाणी दिलं. त्या पाण्याचा घोट तिच्या घशाखाली उतरताना मी बघत होते.

मी आत गेले. आण्णांनी समई लावली, टोपलीवरचं फडकं काढलं. एकेक नाव घेत त्यांनी पानं वाहिली. एकशे आठवं पान पिंडीवर ठेवून त्यांनी हात जोडले, आणि मग मी तोंड उघडलं.

"आण्णा, माझं मौन मोडलं."

त्यांनी विचारलं, किती बोललीस. मी म्हटलं, एकच शब्द. कोणता, म्हणाले. मी सांगितला. इतक्या हळू की त्यांना पुन्हा विचारावं लागलं.

"हे मौन तू धरलं होतंस कशासाठी?" त्या श्रावणात त्यांनी पहिल्यांदाच विचारलं.

आता सांगायला हरकत नव्हती. नागपंचमीच्या आधी एका दुपारी, गाभाऱ्यात कुणी नसताना, मी पिंडीला कपाळ टेकून नवस बोलले होते. मला आवाज दे. एका खोपुरता तरी दे. त्याच्या बदल्यात सोमवारचा माझा सगळा आवाज तू घे. बोलले तेही असं पुटपुटत की देवाला तरी ऐकू गेलं असेल का, याची मला शंका होती.

आण्णांनी पिंडीकडं बघितलं. मला वाटलं, आता रागावणार. मग त्यांचे खांदे हलायला लागले. गाभाऱ्यात आण्णांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, आणि शेवटचं.

"ऐकू गेलं म्हणायचं त्याला," ते म्हणाले.

त्यांनी टोपली पालथी केली. तळाशी काड्या होत्या, तुटकी दळं होती, आणि त्यात एक पान तिन्ही दळांनी शाबूत निघालं. ते त्यांनी माझ्या हातावर ठेवलं. म्हणाले, हे त्या शब्दाचं, तूच वाहा. मी वाहिलं. बाहेर पायरीवरून शमीमनं मोठ्यानं विचारलं, झालं का गं, बोलू का आता तुझ्याशी? तिचा आवाज परत आला होता.

कोल्हापूरला आम्ही पहिल्याच सामन्यात हरलो. रंकाळा मात्र बघितला. तसा खो मला पुन्हा कधी देता आला नाही. तिथल्या पंचांनीही कान पुढं करूनच ऐकला. शमीम आता कोरेगावला असते, नातवंडांना हाका मारते तेव्हा मला फोनवर इकडं ऐकू येतात, आणि माझं बोलणं ऐकायला ती फोन कानात खुपसते.

श्रावणी सोमवारचा नेम मी सासरीही सोडला नाही. बेल मीच निवडते. गुडघे दुखतात म्हणून यंदा मोजायला सून बसली. तिनं दोनदा मोजलं, मग पानं माझ्यापुढं सारत म्हणाली, "आई, एक जास्त झालंय. काढून ठेवू?"

दिवस अजून मावळला नव्हता. मी मान हलवून नको म्हटलं. रात्री, दिवा लागल्यावर, पानं वाहून झाल्यावर, तिला सांगितलं. ते जास्तीचं नाही गं. ते बोललेलं आहे.